वाफशापासून कोमेजण्यापर्यंत

नवी मुंबईत वाशीच्या घाऊक धान्य बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाशी रब्बीची नवी ज्वारी येऊ लागते. पोत्यावर ‘मालदांडी’ असे लिहिलेले असले की गिऱ्हाईक मूठभर दाणे हातावर घेऊन पाहते. टपोरा, मोत्यासारखा चकाकणारा दाणा. यातली पुष्कळशी ज्वारी सोलापूर, बार्शी, मंगळवेढा या भागांतली असते. आपण तिची भाकरी खातो, पण एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हे पीक शेतात उभे असताना त्याच्यावर पाऊस जवळजवळ पडलेलाच नसतो.

सोलापूरला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि तोही बेभरवशाचा. नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पडतो. सोलापूरचा शेतकरी पावसाळाभर काळे रान मोकळे ठेवतो, कुळवत राहतो आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास शाळू पेरतो. पुढे माघ-फाल्गुनात काढणी होईपर्यंत पीक जगते ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. बँकेत ठेवलेल्या रकमेवर चार-पाच महिने घर चालवावे तसा हा प्रकार आहे. नवी भर पडत नाही, नुसता खर्च चालू असतो.

मग प्रश्न उभा राहतो. जमीन वाळू लागली की झाड आपला पाणीखर्च कमी करते का? करत असेल तर केव्हापासून? पहिल्या दिवसापासून थोडा थोडा, की ओल निम्मी झाल्यावर, की अगदी संपत आल्यावर? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे नीट उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना कित्येक पिढ्या लागल्या. या शोधाची एक महत्त्वाची वाट आपल्या मांजरी, पुणे आणि सोलापूरवरून गेली आहे.

तराजू आणि कुंडी

झाडाचा पाणीखर्च मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे तराजू. बेल्जियमच्या व्हान हेल्मोंटचा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत असतो. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली, त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र फक्त दोन औंसांनी घटली. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. झाड पाण्यापासूनच बनते, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता. वर्गात ही चूक सांगितली जाते, पण त्याहून महत्त्वाची उणीव सांगायची राहून जाते. हेल्मोंटने माती तोलली, झाड तोलले, पण कुंडीत किती पाणी ओतले याचा हिशोब ठेवला नाही.

तो हिशोब इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावच्या एका धर्मगुरूने ठेवला. स्टीफन हेल्स हे त्याचे नाव. १७२४ च्या उन्हाळ्यात त्याने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले, मातीवर शिशाचा पातळ पत्रा बसवून ती झाकून टाकली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली. दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांतून उडून जात होते. हेल्सची खबरदारी पाहण्यासारखी आहे. मातीची कुंडी सच्छिद्र असते, तिच्यातूनही पाणी झिरपून उडते. म्हणून शेवटी त्याने सूर्यफूल कापले, खुंट लेपाने बंद केला आणि नुसती कुंडी तोलली. बारा तासांत दोन औंस कुंडीमुळे जात होते. तेवढे त्याने वजा केले. १७२७ साली आपल्या ग्रंथात त्याने हे सारे नोंदवले. ज्याला आपण आज बाष्पोत्सर्जन म्हणतो त्याचे हे पहिले नेटके मोजमाप. पण हेल्स सूर्यफुलाला पाणी घालत होता. पाणी थांबवले तर काय होते, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

कोमेजण्याचा क्षण

तो विचारला गेला दुष्काळी मुलखांत. अमेरिकेच्या कोरड्या मैदानांत वसाहत वाढत होती आणि कोणते पीक कमी पाण्यात येईल हे सरकारला हवे होते. लायमन ब्रिग्ज हा भौतिकशास्त्रज्ञ आणि होमर शांट्झ हा वनस्पतिशास्त्रज्ञ या जोडीने ते काम अंगावर घेतले. कोलोरॅडोतल्या ॲक्रन येथे त्यांनी मोठ्या बंद कुंड्यांत पिके वाढवली आणि एक किलो कोरडा पाला-दाणा-काडी तयार व्हायला किती किलो पाणी उडून जाते ते मोजले. ज्वारीला सुमारे ३२०, गव्हाला सुमारे ५१० आणि लसूणघासाला सुमारे ८३० असे आकडे आले. ज्वारी काटकसरी आहे हे शेतकऱ्याला ठाऊक होतेच, आता त्याला आकडा मिळाला. (पिकाच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा दाणा धरला, तर किलोभर ज्वारीमागे जवळजवळ हजार लिटर पाणी होते. वाशीच्या बाजारातल्या एका पोत्याचा हिशोब मुलांना करायला सांगावा.)

याच जोडीने १९१२ साली ‘कोमेजबिंदू’वरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काचेच्या पेल्यांत रोपे वाढवून मातीचा पृष्ठभाग मेणाने बंद करायचा. पाणी जाईल ते फक्त पानांतून. रोप कोमेजले आणि दमट हवेत ठेवूनही ताठ झाले नाही, की मातीत किती ओल उरली ते मोजायचे. अशा शेकडो मोजण्यांतून त्यांना दिसले की एकाच मातीत निरनिराळी पिके जवळपास सारख्याच ओलीला कोमेजतात, पण माती बदलली की तो आकडा पार बदलतो. जाड वाळूत एक-दोन टक्के ओल उरते, भारी मातीत १५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे मातीत पाणी दिसते आहे, हाताला गार लागते आहे, तरी झाडाला ते मिळत नाही. बारीक कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर माती इतक्या जोराने धरून ठेवते की मुळाची ओढ कमी पडते.

आपल्याकडेही हे काम याच सुमारास सुरू झाले होते. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या शेती संशोधन संस्थेत जे. वॉल्टर लेदर हे रसायनतज्ज्ञ होते. भारतीय पिकांना किती पाणी लागते, यावरचे त्यांचे कुंड्यांतले प्रयोग १९१० आणि १९११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता पाण्याच्या खात्याची दोन टोके ठरली. वरचे टोक म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा ‘वाफसा’. जादा पाणी निचरून गेले आहे, मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळते आहेत, पाय टाकला तर चिखल लागत नाही. शास्त्रज्ञ ज्याला क्षेत्रीय जलधारणक्षमता म्हणतात ती स्थिती वाफशाच्या अगदी जवळची. खालचे टोक म्हणजे कोमेजबिंदू. मधले पाणी झाडाचे.

मांजरी ते सोलापूर

१८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची दैना केली होती. कालवे सगळीकडे पोचणार नव्हते. मग पडेल त्या पावसावर शेती सुधारता येईल का? १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर संशोधनाला सुरुवात केली. पुढे हे काम एन. व्ही. कानिटकर यांनी चालवले. शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला, पाठोपाठ केंद्रीय कृषी संशोधन परिषद उभी राहिली आणि तिच्या मदतीने १९३३ साली सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्रे निघाली. नंतर हगरी, रायचूर आणि रोहतक येथेही केंद्रे झाली.

या मंडळींना कुंडीत नव्हे, शेतात मोजायचे होते. शेत तराजूत ठेवता येत नाही. म्हणून उपाय एकच होता. गिरमिटाने जमिनीत भोक पाडायचे, थराथरांतून माती काढायची, डबीत बंद करून तोलायची, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला वाळवायची आणि पुन्हा तोलायची. समजा वाफशाला १३५ ग्रॅम ओली माती वाळून १०० ग्रॅम झाली. ओल ३५ टक्के. पाण्याच्या तुलनेत मातीची घनता १.२ धरली, तर १५ सेंटिमीटर जाडीच्या थरात ६३ मिलिमीटर पाणी झाले. पण कोमेजबिंदू १८ टक्क्यांना असेल, तर त्यातले ३२ मिलिमीटर झाडाच्या उपयोगाचे नाही. उरले सुमारे ३१. एक मीटर खोल मातीत असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी झाडासाठी साठते. एका हेक्टरला एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा हेक्टरी वीस लाख लिटर!

आकडा मोठा वाटतो. पण उघड्या उन्हात, भरपूर पाणी असताना, पीक रोज चार मिलिमीटर खर्च करू शकते. त्या वेगाने २०० मिलिमीटर ५० दिवसांत संपेल. शाळू उभा राहायचा असतो सुमारे चार महिने. पीक हवे तेवढे पीत राहिले, तर कणीस बाहेर पडायच्या सुमारास खाते रिकामे. त्यामुळे झाड खर्च कधी आवरते, हा शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता.

काळ्या मातीत मोजमापही सोपे नव्हते. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यातला १५ सेंटिमीटरचा थर आणि माघातला १५ सेंटिमीटरचा थर यांत मातीच सारखी नसते, घनता बदललेली असते. नुसत्या टक्क्यांवरून मिलिमीटर काढायला गेले की हिशोब फसतो. त्यात भेगा पडतात. भेगेच्या भिंतीतून खालची ओल थेट हवेत जाते. गिरमिट भेगेजवळ लागले तर एक आकडा, दोन हात दूर लागले तर दुसरा. म्हणून अनेक ठिकाणी भोके पाडून सरासरी काढावी लागते. मातीची ओढ मोजणारे टेन्शिओमीटर नावाचे साधनही विसाव्या शतकात आले. त्याचा मातीचा सच्छिद्र कप जमिनीला चिकटून बसावा लागतो. काळी माती आकसली की कप सुटतो. शिवाय ते सुमारे ०.८ बार ओढीपर्यंतच चालते, आणि कोमेजबिंदू साधारण १५ बारला मानला जातो. जिथे आपला प्रश्न सुरू होतो तिथे हे साधन थांबते.

दुसरी अडचण अशी की शेतातून कमी झालेले सगळे पाणी झाडानेच प्यालेले नसते. काही थेट मातीतून उडते, काही तण पिते. या बाजूचा अभ्यास पुण्यात झाला. सी. व्ही. रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास यांनी १९३२ पासून पुण्याच्या हवामान खात्यात कृषिहवामानशास्त्राचा विभाग उभा केला. १९३४ साली रामदास आणि कट्टी यांनी पुण्याच्या कोरड्या ऋतूत मातीचा वरचा थर आणि त्यालगतची हवा यांच्यातली ओलीची देवाणघेवाण मोजून दाखवली. दिवसा माती हवेला ओल देते आणि रात्री थंडावलेली कोरडी माती हवेतली थोडी वाफ परत घेते. म्हणजे वजनातला सगळा चढउतार झाडाच्या नावावर मांडता येत नाही. हेल्सने शिशाचा पत्रा का बसवला होता, ते इथे पुन्हा कळते.

सोलापूर-विजापूरच्या अनुभवातून जी शिफारस निघाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेली. बांधबंदिस्ती करून पाणी अडवा, पावसाळ्यात रान कुळवत ठेवा, ओळी दीड फुटावर ठेवा, बी कमी टाका आणि पीक उभे असताना कोळपण्या करून भेगा बुजवा. १९४४ साली कानिटकरांचे भारतातील कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात हे काम एकत्र मिळते.

विरळ पेरणीचा अर्थ नीट पाहा. झाड आपला खर्च कधी आवरेल हे ठाऊक नसेल, तर खाणारी तोंडे कमी ठेवणे हा सुरक्षित मार्ग. मात्र हेही सांगायला हवे की या पद्धतीने उत्पन्न साधारण १५ ते २० टक्क्यांनीच वाढले, आणि मुळातले उत्पन्न एकरी एक-दोन क्विंटलच्या आसपास असल्याने ती वाढ शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरली नाही. पद्धत सर्वत्र पसरली नाही. पाणी साठवण्याची बाजू पुष्कळशी समजली होती. झाडाच्या खर्चाची बाजू अजून अंधारात होती.

दोन पक्ष आणि एक ढगाळ दिवस

त्या बाजूवर तिकडे अमेरिकेत वाद पेटला होता. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे फ्रँक व्हीमायर यांनी १९२० च्या दशकापासून, पुढे हेन्ड्रिक्सन यांच्यासोबत, फळझाडांचा पाणीखर्च मोजला. त्यांचे म्हणणे असे की वाफशापासून कोमेजबिंदूपर्यंत सगळे पाणी झाडाला सारखेच सुलभ असते. शेवटचा घोटही पहिल्या घोटाइतक्याच सहज मिळतो, आणि मग एकदम संपते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे उलट होते. ओल जसजशी घटते तसतसा खर्चही त्याच प्रमाणात घटतो. थॉर्नथ्वेट आणि मॅथर यांनी १९५५ साली पाण्याच्या जमाखर्चाची जी रीत मांडली, ती याच कल्पनेवर उभी होती.

दोन्ही पक्षांकडे मोजमापे होती. तरी उत्तरे उलटी का यावीत?

गाठ सुटली १९६२ साली. आयोवा येथे डेनमीड आणि शॉ यांनी मक्याची झाडे शेतातच जमिनीत पुरलेल्या डब्यांत वाढवली, काही डब्यांचे पाणी वेगवेगळ्या वेळी बंद केले आणि रोजचा खर्च मोजला. नवी गोष्ट त्यांनी एवढीच केली की दिवसांची वर्गवारी केली. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी, जेव्हा हवा सहा-सात मिलिमीटर पाणी मागत होती, तेव्हा माती वाफशाच्या जरा खाली येताच झाडाचा खर्च मागे पडू लागला. ढगाळ दिवशी, जेव्हा मागणी दीड मिलिमीटरच्या आत होती, तेव्हा कोमेजबिंदू अगदी जवळ येईपर्यंत झाड मागणी पुरवत राहिले. माती तीच, मका तोच. बदलली होती ती हवा.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाइप बारीक आहे. एकच नळ उघडला तर टाकी तळाला जाईपर्यंत धार नीट येते. सकाळी सगळ्या घरांतले नळ एकदम उघडले, तर टाकी अर्धी भरलेली असूनही वरच्या मजल्यावर धार बारीक होते. मातीत हा पाइप म्हणजे कणांभोवतीचे पाण्याचे थर. ते पातळ झाले की मुळाकडे पाणी सरकण्याचा वेग झपाट्याने घटतो. मागणी कमी असली तर हा मंद पुरवठा पुरतो, जास्त असली तर पुरत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खोटे नव्हते. ‘किती ओल उरली?’ या एकाच प्रश्नाने भागत नाही, ‘आज हवा किती मागते आहे?’ हेही विचारावे लागते.

मुळांचा निरोप

इथपर्यंत झाड म्हणजे जणू एक नळी होती. पण ते जिवंत आहे. १९८५ साली इंग्लंडमध्ये ब्लॅकमन आणि डेव्हिस यांनी मक्याच्या मुळांचे दोन भाग करून दोन कुंड्यांत लावले. एका कुंडीला पाणी दिले, दुसरी वाळू दिली. ओल्या बाजूने पानांना पुरेसे पाणी मिळत होते, पाने तहानलेली नव्हती, तरी पर्णरंध्रे आकसू लागली. १९९० साली सफरचंदाच्या रोपांवर असाच प्रयोग झाला. एका बाजूची मुळे वाळू दिल्यावर पानांची वाढ मंदावली, आणि ती वाळणारी मुळे कापून टाकल्यावर वाढ पुन्हा सुरू झाली! पाणी कमी पडल्यामुळे वाढ थांबली असती, तर मुळे कापून ती सुधारायला नको होती. म्हणजे वाळणारी मुळे वर काही निरोप धाडत होती. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक या निरोपातले एक महत्त्वाचे द्रव्य मानले जाते. खाते रिकामे होण्याआधीच सूचना देणारी ही सोय.

निरनिराळी पिके आणि वाण यांची तुलना करण्यासाठी १९८० च्या दशकात सिंक्लेअर आणि लडलो यांनी एक सोपी रीत रूढ केली. उपलब्ध पाण्याचा कितवा हिस्सा उरला आहे, तो आडव्या अक्षावर. पाणी तोडलेल्या झाडाचा खर्च भागिले पाणी दिलेल्या झाडाचा खर्च, हे गुणोत्तर उभ्या अक्षावर. अनेक पिकांत रेषा बराच काळ सपाट जाते आणि पाण्याचा सुमारे तिसरा हिस्सा उरला की खाली झुकते. हा वळणबिंदू वाणागणिक थोडा मागेपुढे असतो. तेवढाच फरक शेतात दाणा भरणे आणि न भरणे यांतला फरक ठरू शकतो.

मालदांडीचा हिशोब

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण काढला गेला. निवडणाऱ्यांकडे वळणबिंदूचा आलेख नव्हता. होती ती शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली बियाण्याची पारख. १९७२ च्या दुष्काळासह कित्येक वाईट वर्षे या वाणाने पाहिली, आणि रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत तो अजूनही तुलनेसाठी घेतला जातो.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत ज्वारीचा हा हिशोब नव्याने मांडला गेला. तिथे दोन मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद पीव्हीसी नळ्यांत माती भरून त्या जमिनीत उभ्या बसवल्या जातात. प्रत्येक नळीत एक झाड. ठरावीक दिवसांनी साखळीने नळी उचलून लोड सेलवर तोलायची. पाहिले तर ही हेल्सचीच कुंडी, फक्त मुळांना खोल जायला वाव देणारी. ज्वारी-बाजरीवरच्या अशा कामातून एक गोष्ट वारंवार पुढे आली. शेवटच्या काळातल्या कोरडीत जे वाण तग धरतात, त्यांनी एकूण पाणी जास्त प्यालेले असतेच असे नाही. पुष्कळदा त्यांनी फुलोऱ्याआधी कमी खर्च केलेला असतो आणि दाणा भरण्याच्या आठवड्यांसाठी पाणी राखलेले असते. त्या दिवसांत मिळणारे थोडे पाणीही दाण्याच्या हिशोबाने फार मोलाचे ठरते. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाही पिकांवरील अशाच ताणांचा अभ्यास करते.

काटकसर प्रत्येक ठिकाणी चांगली, असा मात्र याचा अर्थ नाही. पर्णरंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि वाढ थांबते. पावसाळी पिकाला दोन सरींमध्ये दहा दिवसांचीच उघडीप असेल, तर फार लवकर हात आखडणारे झाड उगाच उपाशी राहते. शाळूला जे शहाणपण, ते खरिपाच्या पिकाला तोट्याचे ठरू शकते. म्हणून कोणत्या मातीत, कोणत्या हवेत, कोणत्या हंगामात मोजले, हे सांगितल्याशिवाय ‘कमी पाणी पिणारे पीक’ या शब्दांना फारसा अर्थ नाही.

शाळेच्या खिडकीत

हा सारा इतिहास नवी मुंबईतल्या कोणत्याही शाळेत, पाच किलोच्या डिजिटल काट्यावर पुन्हा घडवता येतो. एकसारख्या सहा प्लॅस्टिकच्या कुंड्या घ्या. पाच कुंड्यांत ज्वारीचे किंवा वालाचे एकेक रोप वाढवा, सहावी रिकामी ठेवा. रोपे वीतभर झाली की संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घाला आणि निथळू द्या. सकाळी प्रत्येक कुंडी पिशवीत घालून खोडाभोवती सैल बांधा, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही. सहावी कुंडीही तशीच बांधा. हेल्सची दोन औंसांची वजाबाकी या कुंडीवरून करायची आहे. आता वजन घ्या. हे वाफशाचे वजन.

पुढे रोज त्याच वेळी वजन घ्या. दोन रोपांना गेलेले पाणी रोज भरून द्या, तिघांना देऊ नका. वाळणाऱ्या रोपाचा रोजचा खर्च भागिले ओल्या रोपांचा सरासरी खर्च, असे गुणोत्तर काढा. रोपे सुरुवातीलाच लहानमोठी असतील, तर पहिल्या दोन दिवसांचे गुणोत्तर १ धरून पुढचे आकडे त्या मानाने दुरुस्त करा. गुणोत्तर ०.१ च्या खाली गेले की प्रयोग थांबवा. तोवर जेवढे पाणी गेले तेवढे त्या रोपाचे ‘उपलब्ध पाणी’. मग उरलेल्या हिश्शाविरुद्ध गुणोत्तराचा आलेख काढा. रेषा कुठे झुकते ते मुलांनाच शोधू द्या.

हा प्रयोग एकदा मार्चच्या कोरड्या उन्हात करा आणि एकदा जुलैत, व्हरांड्यात, पावसाच्या झडीत. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. जुलैची रेषा बराच काळ सपाट राहील, मार्चची लवकर झुकेल अशी अपेक्षा आहे. नाही झुकली तर का नाही, यावर वर्गात चर्चा करा. कुंडी लहान होती का, पिशवी फाटली होती का, वजनाची वेळ चुकली का? मांजरी आणि सोलापूरच्या लोकांनाही गिरमिटाच्या प्रत्येक नमुन्यापाशी असेच प्रश्न पडत असणार.

वर्गात एखाद्या मुलाचे आजोळ सोलापूरकडचे असेल, तर त्याला सांगा, सुट्टीत आजोबांना विचारून ये. शाळवाचे बी विरळ का टाकतात, वाफसा कसा ओळखतात आणि कोळपणी कशासाठी करतात. त्याने आणलेली उत्तरे आपल्या आलेखाशेजारी भिंतीवर लावा.